विश्लेषण : वॉटर्लूच्या आधी अडगाव… वऱ्हाडातील त्या १८ दिवसांत वेलिंग्टन का जिंकला?

नेपोलियनला १८१५मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन जगाला माहीत आहे. त्याच्या १२ वर्षे आधी हाच माणूस आर्थर वेलस्ली या नावाने वऱ्हाडात फौज घेऊन उतरला होता, हे मात्र वऱ्हाडातही फार जणांना ठाऊक नसते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आताच्या अकोला जिल्ह्यातील अडगावला लढाई झाली. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा सारा मुलूख सोडावा लागला. अवघ्या १८ दिवसांत वऱ्हाडचा धनी बदलला. भोसले आणि शिंद्यांच्या शिपायांनी शौर्यात कसूर केली नव्हती, शिंद्यांच्या तोफा तर इंग्रजांनाही हेवा वाटावा अशा होत्या. मग निकाल असा का लागला? त्याचे उत्तर बरेचसे बैलांत, धान्याच्या गोण्यांत आणि वेळेच्या हिशेबात आहे.

कोण होता हा वेलस्ली?

जन्म १७६९चा, आयर्लंडमधल्या एका सरदार घराण्यातला. नेपोलियनही त्याच वर्षी जन्मला. वडील लवकर गेले, घरची स्थिती ओढगस्तीची. शाळेत हा मुलगा चमकला नाही, व्हायोलिन तेवढे बरे वाजवायचा. पुढे फ्रान्समध्ये घोडेस्वारी शिकला, १७८७मध्ये सैन्यात अधिकारी झाला आणि १७९३मध्ये लेफ्टनंट कर्नल. त्या काळी इंग्रजी सैन्यात पदे पैसे मोजून विकत मिळत. तेव्हा २४व्या वर्षी लेफ्टनंट कर्नल होण्यात कर्तबगारीपेक्षा भावाकडून मिळालेल्या उसन्या पैशांचा वाटा मोठा. त्याच वर्षी त्याने आपली व्हायोलिने जाळून टाकली, असे सांगतात.

खरे शिक्षण झाले ते १७९४-९५च्या हिवाळ्यात. फ्रेंचांशी लढायला गेलेली इंग्रजी फौज हॉलंडमध्ये थंडीत अडकली. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, रसद नाही, दवाखान्यांची दैना, वरचे अधिकारी पुढच्या ठाण्यांकडे फिरकत नाहीत. लढाईत मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक भूक, थंडी आणि आजाराने गेले. सैन्य कसे चालवू नये, हे तिथे कळले, असे तो पुढे आयुष्यभर सांगत असे.

फेब्रुवारी १७९७मध्ये तो कलकत्त्याला उतरला तेव्हा सोबत पुस्तकांचा मोठा साठा होता. त्यात भारताचा इतिहास होता, लष्करी मोहिमांचे वृत्तान्त होते आणि फारसीचे व्याकरणही. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून आला. भावाच्या वशिल्याचा फायदा आर्थरला झालाच, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण वशिला रात्रीच्या अंधारात कामी येत नाही. एप्रिल १७९९मध्ये टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणला वेढा पडला असताना सुलतानपेठेच्या राईवर रात्री छापा घालायचा हुकूम त्याला मिळाला. जागेची दिवसा पाहणी झालेली नव्हती. माणसे अंधारात भरकटली, काही मारली गेली, काही टिपूच्या हाती सापडली. वेलस्ली स्वतः गुडघ्याला मार खाऊन परतला. जागा आधी पाहिल्याशिवाय तयारीत बसलेल्या शत्रूवर रात्री चालून जायचे नाही, हा नियम त्याने तेव्हा स्वतःला घालून घेतला. त्यानंतरच्या त्याच्या मोहिमा पाहिल्या तर ही रात्र तो विसरला नाही, हे जाणवते.

युद्ध पावसाळ्यातच का सुरू केले?

मराठी मुलखात मोहिमांचे एक ठरलेले वेळापत्रक असे. पावसाळा छावणीत किंवा घरी काढायचा, दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि नद्यांचे पाणी उतरले की कूच करायचे. पेंढारी आणि हलक्या घोडदळाच्या हालचाली तर पूर्णपणे उतारांवर अवलंबून. नदी उतरण्याजोगी झाली की हे स्वार कुठेही जात, कोणालाही गाठत आणि कोणाच्या हाती लागत नसत.

वेलस्लीने हे म्हैसूरच्या कारभारात असताना नीट अभ्यासले. १८००मध्ये धोंडजी वाघाचा पाठलाग करताना कृष्णा, मलप्रभा, घटप्रभेच्या खोऱ्यांत त्याला भरल्या नद्यांचा चांगलाच अनुभव आला होता. त्यातून त्याने उलटा निष्कर्ष काढला. नद्या भरलेल्या असताना मराठी घोडदळ अडकून पडते. तेव्हा ज्याच्याकडे नावा तयार असतील तोच मोकळेपणाने फिरेल. मग पावसाळाच युद्धाला चांगला. त्याने १८०१मध्येच हा विचार टिपणात मांडून ठेवला होता. युद्धाला अजून दोन वर्षे होती.

त्यानुसार नद्यांच्या घाटांवर वेताच्या गोल टोपलीसारख्या, चामड्याने मढवलेल्या नावा करवून ठेवण्याचे हुकूम सुटले. या नावा दक्षिणेत आधीपासून वापरात होत्या, त्याने नवा शोध लावला नाही. त्या वेळेवर, हव्या त्या घाटावर हजर असतील एवढेच पाहिले.

६ ऑगस्ट १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांशी बोलणी तुटली. ८ ऑगस्टला, ऐन श्रावणात, त्याने अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) पेठेवर हल्ला केला आणि १२ ऑगस्टला किल्ला घेतला. दसऱ्याची वाट त्याने पाहिलीच नाही. हा किल्ला पुढच्या मोहिमेचे कोठार झाला.

बैलांचा एवढा हिशेब कशासाठी?

वेलस्लीची भारतातली पत्रे वाचली तर हा सेनापती होता की बैलबाजारातला व्यापारी, असा प्रश्न पडावा. किती बैल आहेत, किती मेले, चारा कुठे, भाडे किती, हाकणाऱ्याचा पगार वेळेवर मिळाला का, पानोपानी हेच. कारण साधे आहे. तोफा बैल ओढत, तांदूळ बैल वाहत आणि बैल थकला की सैन्य थांबे.

म्हैसूरच्या राज्यात अमृतमहाल जातीच्या बैलांची पैदास हैदरअली आणि टिपूच्या काळापासून खास लष्करासाठी होत असे. टिपू गेल्यावर हे बैल इंग्रजांच्या हाती आले. भाड्याच्या मरतुकड्या बैलांपेक्षा ते कितीतरी वेगाने आणि जास्त अंतर चालत. धान्याचा दुसरा आधार बंजाऱ्यांचे तांडे. वऱ्हाडातल्या वाचकाला तांड्यांची ओळख करून द्यायला नको. त्या काळी हजारो बैलांवर धान्य लादून हे लोक सैन्यामागे चालत आणि रोख दामाने विकत. जो वेळेवर पैसे देई आणि लूट होऊ देत नसे त्याच्याकडे तांडे टिकत.

रघुजी भोसल्यांनाही हे बरोबर कळले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांच्या हजारो स्वारांनी अंबडजवळ वेलस्लीकडे निघालेल्या बैलांच्या मोठ्या तांड्यावर हल्ला केला. तो साधला असता तर पुढचे अडगाव घडलेच नसते, असे म्हणायला जागा आहे. पण तांड्याबरोबरच्या थोड्या शिपायांनी आणि म्हैसूरच्या स्वारांनी तो परतवला. या चकमकीचे नाव कोणाच्या लक्षात नसते. मला मात्र ती या मोहिमेतली फार महत्त्वाची वाटते.

त्याआधी २३ सप्टेंबरला आताच्या जालना जिल्ह्यातील असईची लढाई झाली होती. तिथे बेत चुकलाच होता. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेबरोबर २४ तारखेला मिळून हल्ला करायचे ठरले होते. पण २० मैलांहून मोठी मजल मारून आलेल्या वेलस्लीला शत्रू अपेक्षेपेक्षा जवळ सापडला आणि तो एकटाच लढला. केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, म्हणजे मध्ये उतार असणारच, या तर्कावर त्याने फौज पार नेली. तर्क खरा ठरला. तरीही त्याची १५०० हून जास्त माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. लढलेल्यांत हा जवळपास तिसरा हिस्सा. शिंद्यांच्या तोफखान्याने घेतलेली ती किंमत होती. मात्र त्या दिवशी शिंद्यांच्या जवळपास १०० तोफाही गेल्या आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

अडगावला नेमके काय झाले?

नोव्हेंबरमध्ये वेलस्ली घाट उतरून वऱ्हाडात आला. स्टीव्हन्सन बऱ्हाणपूर आणि असीरगड घेऊन गाविलगडाच्या रोखाने येत होता. २३ नोव्हेंबरला शिंद्यांच्या वकिलाशी युद्धबंदीचा करार झाला होता. शिंद्यांच्या फौजेने एलिचपूरच्या, म्हणजे आताच्या अचलपूरच्या, पूर्वेला २० कोस दूर राहावे, अशी अट होती. भोसले या करारात नव्हते. शिंद्यांनी करार अजून मंजूर केला नव्हता आणि त्यांचे घोडदळ भोसल्यांच्या फौजेबरोबरच होते. वकिलाने त्या दिवशी हल्ला करू नका म्हणून विनवले. वेलस्लीने ऐकले नाही. इंग्रजांच्या बाजूने ही अटभंगाची शिक्षा होती, मराठ्यांच्या बाजूने बोलणी चालू असताना केलेला घात. दोन्हींत तथ्य आहे.

२९ नोव्हेंबरला दोन्ही इंग्रजी फौजा एकत्र आल्या. मजल लांबची झाली होती, ऊन कडक होते. मुक्काम करायचा विचार होता. तेवढ्यात एका गावाच्या बुरुजावरून दूरवर सैन्याची हालचाल दिसली. रघुजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू भोसले यांची पायदळ आणि तोफा, शिंद्यांचे स्वार, असे सारे अडगावच्या बागांपुढे रांग धरून उभे होते. ही रांग पाच मैलांच्या आसपास पसरलेली होती. इंग्रजांकडे सुमारे ११ हजार माणसे. स्टीव्हन्सन इतका आजारी होता की घोड्यावर बसवेना, म्हणून हत्तीवरून फौज चालवत होता.

आजच्या तेल्हारा तालुक्यातल्या सिरसोली गावाजवळून पुढची पलटणे शेतांत उतरू लागली आणि भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. असईला न डगमगलेले मद्रासचे शिपाई इथे अचानक बिथरले आणि मागे पळाले. तोफांचे बैलही उधळले. आदल्या लढाईचा अनुभव, शिस्त, कवायत, सगळे क्षणात गेले. वेलस्ली तिथेच होता. त्याने पळणाऱ्यांवर तलवार उपसली नाही. गावाच्या आडोशाला त्यांना पुन्हा रांगेत उभे केले आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात परत पुढे नेले. आपण त्या जागी नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे त्याने नंतर मान्य केले.

पण या गोंधळात वेळ गेला. हल्ला सुरू व्हायला साडेचार वाजले. नोव्हेंबरअखेरचा दिवस, सूर्यास्ताला जेमतेम तासभर. उजव्या बाजूला भोसल्यांच्या सेवेतील परदेशी शिपायांची तुकडी अखेरपर्यंत लढली आणि जवळपास सगळी कापली गेली. डाव्या बाजूने शिंद्यांच्या स्वारांनी केलेली चाल परतवली गेली. मग रांग मोडली. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. रात्र पौर्णिमेच्या सुमाराची होती, म्हणून घोडदळाला चांदण्यात काही मैल पाठलाग करता आला. इंग्रजांकडे ४६ ठार आणि ३०० हून अधिक जखमी. असईच्या मानाने स्वस्तात सुटले. दिवसाचा आणखी एक तास मिळायला हवा होता, ही वेलस्लीची खंत राहिली. भोसल्यांचे बरेचसे सैन्य वाचले ते त्या न मिळालेल्या तासामुळे.

गाविलगडाला अवघे तीनच दिवस का लागले?

अडगावाहून निघालेल्या फौजा ५ डिसेंबरला एलिचपूरला पोहोचल्या. जखमींसाठी तिथे दवाखाना उभारला गेला. समोर सातपुड्याच्या कड्यावर गाविलगड. बहमनी काळातला, इमादशाहीत बळकट केलेला. दक्षिणेकडून सरळ कडे. उत्तरेकडून, म्हणजे आज चिखलदऱ्याहून पर्यटक ज्या बाजूने गडावर जातात तिकडून, जमिनीची चिंचोळी पट्टी गडाला पठाराशी जोडते. तोफ लावायची तर तिथूनच. पण तिथवर तोफ न्यायला रस्ताच नव्हता.

७ ते १२ डिसेंबर या काळात स्टीव्हन्सनच्या फौजेने मेळघाटच्या डोंगरांतून सुमारे ३० मैलांची वाट स्वतः फोडत वेढ्याच्या अवजड तोफा नेल्या. दऱ्या-ओढ्यांत बैलांचा उपयोग संपला की शिपाई दोर लावून हातांनी ओढत. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट गाडीने चढलेल्या कोणालाही या कामाचा अंदाज येईल. हे काम स्टीव्हन्सनकडे देण्याचेही कारण होते. त्याची फौज असीरगडच्या वेढ्यासाठी आधीच सज्ज केलेली होती. दारूगोळा, तोफा, कारागीर सगळे त्याच्याकडे तयार होते. वेलस्ली स्वतः दक्षिणेला देवगावजवळ तळ देऊन बसला.

१२च्या रात्री मोर्चे बांधले गेले, १३ला तोफा सुरू झाल्या, १४च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडारे पडली. १५ डिसेंबरला सकाळी १० वाजता हल्ला झाला. उत्तरेकडून मुख्य हल्ला आणि दक्षिणेच्या दरवाजांवर शिबंदीचे लक्ष खेचणारी हुलकावणी, दोन्ही ठरल्या वेळी. बाहेरचा किल्ला पडला, पण आतल्या किल्ल्याच्या भिंतीला खिंडार नव्हते. तेव्हा कॅप्टन कॅम्बेलच्या तुकडीने घळीतून शिड्या नेऊन भिंत चढली आणि आतून दरवाजा उघडला.

पुढे जे झाले ती लढाई नव्हती, कत्तल होती. दरवाजाजवळ कोंडलेली शिबंदी मोठ्या संख्येने मारली गेली. राजपूत सरदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि त्याचा देह प्रेतांच्या ढिगात सापडला. गडावरच्या काही राजपूत स्त्रियांनी शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा मरण जवळ केले. वेलस्लीच्या चरित्रकारांना त्याच्या नियोजनाचे जितके कौतुक असते, तितका वेळ ते या दरवाजापाशी थांबत नाहीत.

मग भोसले-शिंदे कुठे कमी पडले?

तोफा, पैसा, माणसे यांत ते मागे नव्हते. मोडले ते एकमेकांशी जुळणारे वेळापत्रक. होळकर युद्धात उतरले नाहीत. शिंदे आणि भोसले असईनंतर वेगळे झाले, पुन्हा अर्धेमुर्धे एकत्र आले. शिंद्यांच्या कवायती फौजेचे अनेक युरोपीय अधिकारी कंपनीने आमिष दाखवताच सोडून गेले. रोज हुकूम देणारा माणूसच निघून गेल्यावर पलटणींचे काय होणार? पेशव्यांचे सरदार बापू गोखले तर आपल्या स्वारांसह वेलस्लीच्या बाजूने होते, तेव्हा ही इंग्रज विरुद्ध मराठे अशी सरळ रेघ नव्हती. वेलस्लीच्या फौजेतले बहुतेक शिपाईही मद्रास आणि म्हैसूरचेच.

आणि इंग्रज म्हणजे आपोआप तयारी, असेही नाही. पुढच्याच वर्षी, १८०४च्या पावसाळ्यात, कर्नल मॉन्सन धान्याचा साठा आणि नावा यांची तजवीज न करता यशवंतराव होळकरांच्या मुलखात खोल घुसला. होळकर उलटले, मागच्या नद्या भरल्या, चिखलात तोफा रुतल्या. आग्र्याला पोहोचेपर्यंत त्याच्या फौजेची वाताहत झाली. त्या पराभवाचे सर्वात नेमके विच्छेदन दख्खनमध्ये बसून वेलस्लीनेच केले. धान्य नाही, नावा नाहीत, मागची वाट बंद.

पुढे तो स्वतःही घसरला. १८१२मध्ये स्पेनमधल्या बुर्गोसच्या किल्ल्याला त्याने वेढा घातला तेव्हा जवळ भिंत फोडणाऱ्या जड तोफा जेमतेम तीन होत्या. महिनाभराने हात हलवत माघार घ्यावी लागली. गाविलगडाला डोंगर फोडून तोफा नेणारा माणूस तो हाच. त्याउलट पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या रक्षणासाठी त्याने १८०९पासून डोंगररांगांवर गुपचूप तटबंदी उभारून घेतली. वर्षभराने फ्रेंच फौज आली ती या भिंतींपुढे उपाशी बसून परत गेली. वॉटर्लूची जागाही त्याने लढाईच्या आदल्या वर्षी पाहून ठेवली होती.

तहानंतर वऱ्हाडचे काय झाले?

१८०३ आधी वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल होता, महसुलाची वाटणी ठरलेली असे. देवगावच्या तहाने कटक-बालासोर कंपनीकडे आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. गाविलगड, नरनाळा आणि भोवतालचा थोडा प्रदेश तेवढा भोसल्यांकडे राहिला. ज्या गडासाठी इतकी माणसे मेली तो तहात परत मिळाला, ही त्यातली विचित्र बाब. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावच्या तहावर शिंद्यांनी सही केली. दख्खनमध्ये तेव्हा दुष्काळ पडला होता आणि सैन्ये फिरून गेलेल्या गावांत तो जास्तच जाणवला.

वेलस्ली १८०५मध्ये मायदेशी परतला. वाटेत सेंट हेलेना बेटावर त्याचा मुक्काम झाला. पुढे तिथेच कैद झालेला नेपोलियन सुरुवातीला ज्या ठिकाणी राहिला, तिथेच तो उतरला होता. वेलिंग्टनचा ड्यूक झाला, १८२८मध्ये पंतप्रधान झाला, मताधिकाराच्या सुधारणांना विरोध केल्याने लंडनच्या जमावाने त्याच्या घराच्या काचा फोडल्या. १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो वारला. पुढच्या वर्षी, मे १८५३मध्ये, निजामाने कर्जापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले.